जीपचं पुढचं चाक घरघरतंय: बेअरिंग अंगणात बदलायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. महिंद्रा एमएम ५४०, ड्रम ब्रेक, पावसाळाभर मुळशी-ताम्हिणीकडचे ओढे तुडवलेले. आता चाळीसच्या पुढे गेलं की पुढून घरघर येते आणि जॅकवर उचलून हलवलं तर चाक डुगडुगतं. गॅरेजवाला म्हणतो, दोन्ही हब (चाक ज्यावर बसतं तो मधला फिरता भाग) पूर्ण बदला. हे काम घरी होईल का, बेअरिंग कुठलं घ्यावं, आणि दोन्ही बाजू एकदम कराव्यात का?

घरी होईल. सरळ पुढच्या एक्सलच्या जुन्या जीपला या कामासाठी प्रेस लागत नाही, टॉर्क रेंचसुद्धा लागत नाही. लागतो तो एक सबंध दिवस, भरपूर चिंध्या आणि हबच्या नटाचा मोठा बॉक्स पाना. (आजकालच्या बऱ्याच गाड्यांत सीलबंद हब युनिट येतं. ते अख्खं काढून अख्खं बसवतात, त्याला खालचं काही लागू नाही.) मात्र पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. ओढ्यानाल्यांत फिरणाऱ्या जीपचं हे टेपर रोलर बेअरिंग सहसा आपल्या मरणाने मरत नाही. त्याला पाणी मारतं, वाळू मारते, नाहीतर नट आवळणारा हात मारतो. यातलं नेमकं काय झालंय ते न बघता नवं बेअरिंग बसवलं तर पुढच्या पावसाळ्यात तुम्ही पुन्हा याच जागी बसलेले असाल.

आधी खात्री करा की दोष बेअरिंगचाच आहे. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवतो म्हणजे बेअरिंग गेलं, असं नाही. किंग पिनची (जिच्यावर चाक स्टिअरिंगबरोबर वळतं ती उभी पिन) बेअरिंग ढिली झाली तरी चाक अगदी तसंच डुगडुगतं. फरक ओळखायला एक माणूस गाडीत बसवा आणि त्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेकने ड्रम आणि मागची प्लेट एकमेकांना जखडली जातात. मग खेळ गायब झाला तर तो हबच्या बेअरिंगमधला. ब्रेक दाबूनही खेळ तसाच राहिला तर तो किंग पिनमधला, आणि तिथे हब उघडून काही उपयोग नाही. कितीतरी चांगली बेअरिंग केवळ ही अर्ध्या मिनिटाची तपासणी न केल्यामुळे भंगारात जातात.

आवाजाचंही तसंच. चिखलाच्या टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, डांबरावर एक आणि सिमेंटवर दुसरा. बेअरिंगची घरघर रस्त्याला जुमानत नाही, ती वेगाबरोबर चढते-उतरते. लांब डाव्या वळणावर भार उजव्या चाकावर जातो. तिथे आवाज वाढला तर संशय उजव्या बाजूवर. नंतर चाक उचलून एका हाताने फिरवा आणि दुसरा हात त्याच बाजूच्या पाट्यावर (लीफ स्प्रिंगवर) ठेवा. खराब बेअरिंगची खरखर पाट्यात हाताला स्पष्ट लागते, कानाला ऐकू येण्याच्या आधी. तुमच्या गाडीला फ्री व्हीलिंग हब (चाक शाफ्टपासून सोडवता येतं असे) नसतील तर चाकाबरोबर आतली शाफ्ट आणि डिफरन्शिअलही फिरतं, त्याचा आवाज यात मिसळतो. बाहेरचा ड्राइव्ह फ्लँज (शाफ्ट आणि हब यांना जोडणारी चकती) काढून मग चाक फिरवलं की काय ते स्पष्ट होतं.

आता उचलणं. जागा कडक आणि सपाट हवी. अंगण शेणाने सारवलेलं किंवा मुरुमाचं असेल तर जॅक आणि घोडीखाली (गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) जाड फळी घाला. जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या प्रोपेलर शाफ्टवर काम करतो आणि बहुतेक गाड्यांत तो नावालाच असतो, तेव्हा मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. इथे एक जुनी गंमत आहे: अमेरिकेच्या विलिस कंपनीच्या घराण्यातल्या बऱ्याच जीपना डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. स्टडच्या टोकावर इंग्रजी ‘एल’ कोरलेला दिसला तर तो नट घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे ठाऊक नसलेला माणूस पान्यावर पाइप चढवून स्टडच मोडतो. जॅक एक्सलखाली लावा आणि उचलल्यावर एक्सल घोडीवर टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीशी काम करायचं नाही.

चाक काढल्यावर हबची टोपी, मग शाफ्टच्या टोकावरची सर्क्लिप (काही गाड्यांत कॅसल नट आणि कॉटर पिन), मग ड्राइव्ह फ्लँजचे बोल्ट. फ्लँज चिकटलेला असतो, बाजूने हलके ठोके देत सैल करा. त्यामागे पातळ शिम (धातूच्या चकत्या) असतील तर त्या एका तारेत ओवून टांगा, परत तितक्याच लागणार आहेत. मग येतो बाहेरचा लॉक नट, वाकवलेला लॉक वॉशर, आतला ॲडजस्टिंग नट आणि एक जिभेचा वॉशर. त्या नटांचे कोपरे नीट पाहा. छन्नीने चावलेले असतील तर समजा की आधीच्या मिस्त्रीकडे पाना नव्हता आणि त्याने बेअरिंग अंदाजाने, छन्नी-हातोड्याने आवळलं होतं. निम्मं निदान तिथेच झालं.

ड्रम अडला तर ब्रेकचे ॲडजस्टर सैल करा. ड्रम काढल्यावर ब्रेकच्या पेडलला कोणी पाय लावणार नाही याची काळजी घ्या, विशेषतः घरात मुलं असतील तर. एकदा पेडल दाबलं की व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतात आणि बेअरिंगच्या कामात ब्रेकचं काम वाढून बसतं. ब्रेकची धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून घ्या.

हब थोडा पुढे ओढला की बाहेरचं बेअरिंग आपणहून हातात येतं. मग हब सरळ ओढून काढा. आतलं बेअरिंग आणि ऑइल सील हबच्या पाठीमागे राहतं, ते सील उचकटून काढलं की बेअरिंग मोकळं.

इथे थांबा. लगेच काही धुऊ नका. सगळी कहाणी या ग्रीसमध्ये आहे.

ग्रीस दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर पाणी शिरलंय. तुमच्या बाबतीत मला हेच अपेक्षित आहे. पाणी शिरतं ते ओढ्याच्या खोलीमुळे कमी आणि तापमानामुळे जास्त. घाट उतरताना ब्रेकने हब तापतो, आतली हवा फुगते. तसाच तो थंड पाण्यात बुडाला की हवा एकदम आकसते आणि सीलच्या ओठावरून पाणी आत खेचून घेते. सील नवं असलं तरी थोडं पाणी येतंच. म्हणून घाट उतरून थेट ओढ्यात घालायची नाही. काठावर गाडी उभी करा, हबला हात लावता येईल इतका तो निवू द्या, तोवर चालत जाऊन पाण्याचा अंदाज घ्या.

ग्रीस पातळ, काळं आणि गंधकासारख्या उग्र वासाचं असेल तर ते ग्रीस राहिलेलंच नाही, त्यात गिअर ऑइल मिसळलंय. एक्सलच्या आतलं सील गेलं की डिफरन्शिअलचं ऑइल आधी नकलच्या (चाक वळवणाऱ्या सांध्याच्या) गोलात येतं, तिथून स्टब एक्सलच्या (हब ज्यावर फिरतो त्या पोकळ दांड्याच्या) बुशातून हबमध्ये. हे ऑइल बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन नेतं आणि ब्रेकचे लायनर भिजवतं. अशा वेळी नुसतं हबचं सील बदललंत तर पैसे पाण्यात. आतलं सील बदलायला नकल उघडावा लागतो, आणि ते काम मोठं आहे.

आता बेअरिंग डिझेलमध्ये धुवा, कोरडं पुसा आणि उजेडात रोलर एकेक करून फिरवून बघा. निळसर किंवा तपकिरी झाक म्हणजे ते तापलंय: फार आवळलेलं होतं किंवा कोरडं चाललं. राखाडी, मंद, घासल्यासारखा पृष्ठभाग म्हणजे वाळू. कपवर (रोलर ज्याच्या आत फिरतात त्या बाहेरच्या कड्यावर) रोलरच्याच अंतरावर काळ्या आडव्या रेघा म्हणजे गाडी पाणी शिरलेल्या अवस्थेत उभी राहिली आणि रोलरच्या प्रत्येक टेकणीखाली गंज धरला. पत्रा सोलल्यासारखे खळगे पडले असतील तर मात्र ते खरोखर थकलंय. आणि यातलं काहीच नसेल, रोलर नि कप आरशासारखे चकचकीत असतील, तर बेअरिंग फक्त ढिलं होतं. तेच धुऊन, नवं ग्रीस भरून, नीट आवळून बसवा. बदलायचं ठरवून उघडलं म्हणून बदलायलाच हवं असं नाही.

आवाज येत होता म्हणजे बहुधा बदलावं लागेलच. बेअरिंगचा नंबर जुन्याच्या कडेवरून वाचून घ्या, दुकानदाराच्या आठवणीवर सोडू नका. १९४१ च्या युद्धकाळातल्या विलिस एमबीपासून सीजे-३बीपर्यंत पुढच्या हबमध्ये आत आणि बाहेर एकच बेअरिंग आहे: कोन (रोलरांसकट आतलं कडं) १८५९०, कप १८५२०. आतला व्यास ४१.२७५ मिमी, बाहेरचा ७३.०२५ मिमी. हे इंची माप आहे, म्हणून जवळचं मेट्रिक बेअरिंग ‘बसेल की’ म्हणून कोणी दिलं तर घेऊ नका. ५४० याच वंशातली असली तरी तीस-चाळीस वर्षांत कोणी एक्सल किंवा हब बदलला असू शकतो, तेव्हा शेवटचा शब्द कडेवरच्या नंबराचा. कोन आणि कप एकाच कंपनीचे, एकाच खोक्यातले घ्या. जुन्या कपवर नवा कोन बसवणं ही काटकसर नाही, कारण जुन्या कपची झीज नवे रोलर काही दिवसांत उचलतात. नकली माल भरपूर आहे. नामांकित कंपनीचं खोकं आणि आत पुसट छापलेला नंबर दिसला, भाव निम्म्याने कमी निघाला, तर दुकान बदला. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून पावती घेऊन घ्यावं, एवढंच.

जुना कप हबमधून काढताना मागच्या बाजूने गज लावून ठोकायचं, एक ठोका इकडे, एक समोर. एकाच बाजूला ठोकत राहिलात तर तो तिरका होऊन अडकतो आणि हबचं घर खरवडतो. गज लावायला कड मिळत नसेल तर जवळच्या वेल्डिंगवाल्याकडे हब न्या आणि कपच्या आतून एक वेल्डिंगची रेघ मारून घ्या. थंड होताना कप आकसतो आणि जवळजवळ स्वतःच गळून पडतो. हबला वेल्डिंग लागू द्यायचं नाही, हे त्याला दोनदा सांगा.

रिकाम्या हबचं घर बोटाने चाचपा. ते गुळगुळीत हवं, आणि कप ठोकल्याशिवाय आत जायला नको. कप हाताने आत सरकत असेल तर तो हबमध्ये फिरलाय आणि घर मोठं झालंय. अशा घराला सुंबीने (टोकदार पंचने) ठिपके मारून कप ‘घट्ट’ करण्याची पद्धत रस्तोरस्ती चालते. ते ठिपके थोड्या दिवसांत चेपतात आणि कप पुन्हा फिरू लागतो. त्या हबला मात्र बदलणं किंवा चांगल्या लेथवाल्याकडून बुश बसवून घेणं हाच उपाय. तुमच्या गॅरेजवाल्याने हे तपासून हब बदला म्हटलं असेल तर तो बरोबर आहे. न उघडता म्हटलं असेल तर नाही.

नवे कप रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि हब उन्हात. एवढ्यानेही काम सोपं होतं. ठोकण्यासाठी जुना कपच वापरा. त्याचा बाहेरचा व्यास ग्राइंडरवर जरा कमी करा, म्हणजे तो आत अडकणार नाही, आणि नव्या कपवर उलटा, पातळ कडेला पातळ कड लावून ठेवा. हातोड्याचा घाव थेट नव्या कपवर नको. हे पोलाद इतकं कडक असतं की त्याची कपची उडते, डोळ्यावर चष्मा हवाच. ठोकताना कान द्या. कप जात असताना आवाज पोकळ, टणटणीत येतो. तळाला टेकला की तोच आवाज एकदम भरीव, ठस्स असा होतो. मग मागच्या बाजूने बॅटरी मारून कप आणि खांदा यांच्यात उजेडाची फट दिसत नाही ना ते बघा. केसभर फट राहिली तरी नंतर कप बसेल आणि तुम्ही आवळलेलं सगळं ढिलं पडेल.

ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स, एनएलजीआय २ (ग्रीसच्या घट्टपणाचा अंक), व्हील बेअरिंगसाठी असं डब्यावर लिहिलेलं. सतत पाण्यात जाणार असाल तर कॅल्शियम सल्फोनेट कॉम्प्लेक्स ग्रीस पाण्याला जास्त दाद देत नाही, महाग आहे. शॅसीचं स्वस्त ग्रीस इथे नको, ते तापलं की वितळून ब्रेकवर येतं. आणि जुन्या ग्रीसमध्ये नवं मिसळायचं नाही. दोन वेगळ्या जातींची ग्रीसं एकत्र आली की कधीकधी पातळ होऊन वाहतात. सगळं धुऊन कोरडं करा. धुतलेलं बेअरिंग हवेने सुकवताना गरगर फिरवायचा मोह होतो, तो टाळा, कोरडे रोलर ओरखडतात.

भरायची रीत हातानेच चांगली. तळहातावर लिंबाएवढं ग्रीस घ्या, कोनची रुंद बाजू त्याच्या कडेला दाबत राहा. पलीकडच्या अरुंद बाजूने रोलरांच्या मधून ग्रीसच्या शेवया बाहेर येऊ लागल्या की तेवढा भाग भरला. कोन थोडा फिरवा, पुन्हा दाबा. हबच्या पोकळीत मात्र ग्रीस ठासून भरू नका. कपच्या आजूबाजूला गंज धरू नये इतका थर आणि पोकळीचा तिसरा हिस्सा पुरे. गच्च भरलेला हब तापतो आणि जादा ग्रीस सील ढकलून बाहेर काढतं.

आतलं बेअरिंग ठेवून नवं सील बसवा, स्प्रिंगची बाजू आत, ग्रीसकडे. सपाट लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकलं की सील वाकडं होत नाही. ओठाला ग्रीसचं बोट फिरवा. पण सीलइतकीच महत्त्वाची ती जागा, जिच्यावर सीलचा ओठ फिरतो. चिखलाने तिथे खाच पडते. स्टब एक्सलवर नख फिरवा. नख अडकलं तर कितीही भारी सील घाला, पाणी येणारच. तिथे पातळ स्टीलची स्लीव्ह चढवता येते, नाहीतर स्टब एक्सल बदला.

आता आवळणं. चांगली बेअरिंग मरतात ती इथे. हब सरळ चढवा, बाहेरचं बेअरिंग, जिभेचा वॉशर, आतला नट. हब एका हाताने सतत फिरवत नट आवळत जा, हब जड होईपर्यंत. फिरवत राहायचं कारण असं की रोलर आपल्या जागी सरळ बसतात. उभ्या हबवर आवळलेला नट खोटं माप दाखवतो. हब जड झाला की नट एक षष्ठांश फेरा मागे घ्या, म्हणजे षटकोनी नटाचा एक पैलू. जुन्या जीपच्या सर्व्हिस मॅन्युअलमधली ही पद्धत आहे आणि अजून तिच्यात खोट सापडलेली नाही. मग नवा लॉक वॉशर, मग लॉक नट पक्का.

आणि लगेच पुन्हा तपासा. लॉक नट आवळताना आतला नट आट्यांमधल्या मोकळीकीएवढा आत ढकलला जातो, त्यामुळे आत्ता बरोबर असलेला खेळ नाहीसा होऊ शकतो. चाक तात्पुरतं चढवून वर-खाली हलवा. जेमतेम जाणवेल न जाणवेल इतका खेळ हवा. डायल गेज असेल तर ०.०२५ ते ०.१२५ मिमी. थंड हबला खेळ अजिबातच नसेल तर गाडी चालून तापल्यावर तो फुगून बेअरिंग जखडेल. इथे ‘जास्त घट्ट म्हणजे जास्त पक्कं’ हा हिशोब चालत नाही. थोडं ढिलं बेअरिंग आवाज करून सांगतं, घट्ट बेअरिंग न सांगता जळतं. मनासारखं झालं की लॉक वॉशरचा एक भाग आतल्या नटाच्या पैलूवर आणि एक बाहेरच्या नटाच्या पैलूवर वाकवा. वाकवलेला वॉशर परत वापरायचा नाही.

फ्लँजला नवं पॅकिंग, शिम होत्या तितक्या, सर्क्लिप खाचेत बसली का ते पेचकसाने टोचून पाहा. ब्रेक परत ॲडजस्ट करा. पहिली फेरी पाच-सहा किलोमीटरची, सपाट रस्त्यावर, ब्रेक शक्य तितका कमी लावत. परत येऊन दोन्ही हबना हात लावा. कोमट ठीक. हात ठेवता येत नसेल तर चाक उचलून फिरवा: ब्रेक घासत असेल तर ड्रमच्या कडेला खरखर ऐकू येईल, नसेल तर नट घट्ट झालाय, उघडून पुन्हा करा. दोन-तीनशे किलोमीटरनंतर एकदा खेळ तपासा.

दोन्ही बाजू एकदम कराव्यात का? उघडा दोन्ही, पण एकीनंतर दुसरी, आणि बदला जी खराब असेल ती. दोन्ही चाकं त्याच ओढ्यांतून गेली आहेत, तेव्हा दुसऱ्या बाजूलाही पाणी असणारच, पण तिथे अजून गंज धरला नसेल तर धुऊन ग्रीस भरणं पुरेल. त्या बाजूचा उपयोग आणखी एक: काही कुठे बसतं ते विसरलात तर पाहायला नमुना शाबूत राहतो, म्हणून एका वेळी एकच बाजू उघडा.

पुढचं वेळापत्रक साधं ठेवा. डांबरावरच्या जीपला किलोमीटरचा हिशोब चालतो, ओढ्यातल्या जीपला पावसाळ्याचा. पाणी ओसरलं की, दसऱ्याला गाडी धुऊन हार घालायच्या आधी, दोन्ही हब उघडून ग्रीस बघायचं. समुद्राच्या पाण्यात गेलात तर दसऱ्याची वाट बघू नका, त्याच आठवड्यात उघडा. सील, लॉक वॉशर आणि पॅकिंग यांचे दोन-दोन नग आधीच आणून ठेवा. रविवारी दुपारी हब उघडा पडलेला असताना आपल्याकडची स्पेअरची दुकानं बंद असतात.